मुक्कामी गाडीचा डबा

आमच्या घरी फोनवर कुणी खरं बोलत नाही. आप्पा म्हणतात, "सगळं बरंय, तू अभ्यास कर." आई विचारते, "जेवलीस का?" आणि आजी फोन उलटा धरून विचारते, तिकडं पाऊस हाय का. सोयाबीन पाण्यात असो, मोटार जळालेली असो, सोसायटीच्या कर्जाची नोटीस आलेली असो, फोनवर सगळं बरंच असतं. बाहेर शिकणाऱ्या पोरीच्या डोक्याला ताप नको, हा त्यामागचा हिशोब मला कळतो. पण त्यामुळं लातूरला बीएस्सी करत होते ती तीन वर्षं घरची खरी खबर मला फोनवर क्वचितच मिळाली. ती डब्यातून यायची.

हे मराठवाड्याबाहेरच्या माणसांना नीट सांगावं लागतं. डबा म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींना मेसचा डबा दिसतो आणि मुंबईकडच्यांना लोकलमधले डबेवाले. आमचा डबा एसटीनं येतो. गावात रात्रीची शेवटची गाडी मुक्कामाला असते. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी लातूरकडं निघते. तालुका निलंगा, रस्ता वाकडातिकडा, दीड-दोन तास लागतात. त्या गाडीत लातूरला शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे चढतात. आमच्या गावचे सात-आठ, पुढच्या फाट्यावर चार, त्याच्या पुढं आणखी. सगळ्या पिशव्या केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर रचलेल्या. उन्हाळ्यात त्यामुळं वरण आंबायचं, थंडीत मात्र भाकरी ऊन मिळायची. आमच्या गाडीत डब्याचे पैसे कुणी कधी मागितले नाहीत. दसऱ्याला गावातून ड्रायव्हरमामांना टॉवेल-टोपी जायची तेवढीच.

सकाळी आठच्या सुमाराला लातूरच्या स्टँडवर जाऊन बघा. गाडी फलाटाला लागायच्या आधीच पोरं तिच्याबरोबर पळत असतात. कुणाच्या पाठीला क्लासची सॅक, कुणी रात्रभर अभ्यासिकेत बसून तसाच आलेला, कुणी नुसता टॉवेल गळ्यात टाकून. डब्यांवर ऑइलपेंटनं नावं असतात आणि पिशव्या खताच्या गोणीच्या, नाहीतर जुन्या पँटच्या शिवलेल्या. तरी अदलाबदल व्हायची ती व्हायचीच. एकदा पलीकडच्या गावच्या माळकरी घरातल्या मुलाकडं मटणाचा डबा गेला आणि त्याची मेथीची भाजी एका पैलवानाकडं. दोघंही दुपारी एकमेकांना शोधत फिरत होते. पैलवान जास्त कळवळून.

मुली स्टँडवर रोज जायच्या नाहीत. आमच्या हॉस्टेलच्या चार-पाच जणींचे डबे एक मामा सायकलवर आणून द्यायचे, महिन्याला थोडे पैसे घेऊन. पण मला जायला आवडायचं. गावची गाडी बघितली की बरं वाटायचं. तिच्या टायरला आमच्या शिवेतला चिखल असायचा.

तर खबर. आमच्या गावचा बाजार गुरुवारी. त्यामुळं शुक्रवारच्या डब्यात वांगी, दोडका, कधी फ्लॉवर. शनिवार-रविवार भेंडी. सोमवारनंतर भाजी संपून डाळी सुरू, आणि बुधवारपर्यंत आपण पिठल्यावर आलेलो असतो. हा झाला नेहमीचा क्रम. तो मोडला की समजायचं, काहीतरी आहे. शुक्रवारीच पिठलं आलं म्हणजे कुणी बाजाराला गेलं नाही. का गेलं नाही, ते पुढच्या डब्यातून कळायचं. लागोपाठ तीन दिवस बेसन आणि शेंगदाण्याची चटणी, तर खुरपण चालू आहे आणि बाया मिळेनाशा झाल्यात, आई स्वतः ओळीला बसलीय. धपाटे आले की काढणी. धपाटे दोन दिवस टिकतात, रानात बांधावर बसून खाता येतात, म्हणून एकदाच रगडून केलेले असतात आणि त्यातलेच चार मला. भाकरी जाड, काठाला चिरलेली, तर आज चुलीपुढं आजी होती. आई कुठं गेली? भाकरी एका बाजूला करपलेली असली तर आप्पा. आप्पांना भाकरी येते, पण तवा सोडून ते बैलाकडं जातात.

पौषाच्या आसपास डबा सुधारायचा. सोलाण्याची आमटी, तुरीच्या ओल्या दाण्यांचं कालवण, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वर कांद्याची पात. हे सगळं रानातलं, पैसे न पडणारं. डबा भरून आला की हरभरा बरा आहे. आणि हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की आप्पांचा आवाज बसलेला असायचा. शेतीच्या फीडरला तेव्हा दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास लाईट मिळायची, पाळी बदलत राहायची. आमची पाळी रात्रीची असली की आप्पा डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. फोनवर म्हणायचे, "जरा सर्दी हाय." त्या आठवड्यात डब्यात ज्वारीऐवजी बाजरीची भाकरी यायची, तीळ लावलेली. आई त्यांच्यासाठी म्हणून करत होती, एक मला.

डबा खाताना मला एक गोष्ट टोचायची आणि ती मी कुणाला बोलले नाही. गाडी सव्वासहाला निघते. म्हणजे डबा सहाला तयार. म्हणजे आई चारला उठलेली. मी घरी होते तेव्हा सकाळच्या भाकऱ्या माझ्याकडं होत्या. अकरावी-बारावीला निलंग्याला एसटीच्या फुकट पासवर अप-डाउन करायचे तेव्हासुद्धा भाकऱ्या करूनच निघायचे. मी लातूरला आले म्हणजे आईचे दोन हात गेले आणि वर पहाटेचा एक डबा वाढला. मेस लावते म्हटलं की ती म्हणायची, "मेसच्या पैशात काय काय होतंय माहिताय का?" माहीत होतं, म्हणून मी गप्प बसायचे. मुलांना घरचा डबा येतो याचं कौतुक सगळे करतात. मुलीला तो डबा खाताना कुणी केला, कुणाच्या वाट्याचं काम करून केला, हे आपोआप मोजता येतं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे मोजता येत नव्हतं असं नाही, पण त्यांना मोजायला कुणी शिकवलं नव्हतं.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. घरी दोन डबे होते, एक येणारा, एक जाणारा. घासून पाठवायचा, आणि रिकामा पाठवायचा नाही, हा आजीचा दंडक. दुसऱ्याच्या घरचं भांडं मोकळं परत देत नाहीत. स्वतःच्याच घरी हा नियम कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मग साखर तरी टाक." त्यामुळं डब्यातून गावाकडं काय काय गेलं! आजीच्या बीपीच्या गोळ्या, आप्पांच्या चष्म्याची काडी, फवारणी पंपाचा वॉशर, बेकरीतली खारी, झेरॉक्स काढलेले सातबारे. लातूरची गंजगोलाई म्हणजे मधे गोल इमारत, जगदंबेचं देऊळ आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. एकावर भांडी, एकावर सोनं, एकावर मिरची-गूळ. त्या गोलात पहिल्या महिन्यात मी इतक्यांदा चुकले की वॉशरच्या दुकानाला जाताना देवीचं दर्शन फुकटात व्हायचं.

लातूरला येतानाही आजीनं एकच प्रश्न विचारला होता. "घर पत्र्याचं हाय का स्लॅबचं?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आप्पा शाळेत जाणारे पोर होते. आमच्या गावात त्या मानानं कमी पडझड झाली, पण आजीच्या माहेरची माणसं गेली. त्यानंतर तिनं जड माळवदाखाली पाठ टेकली नाही, पत्र्याच्या खोलीतच झोपते. माझं हॉस्टेल तीन मजली, आणि मी मधल्या मजल्यावर. म्हणजे वरही स्लॅब आणि खालीही. मी तिला सांगितलं, पत्र्याचं आहे. आमच्या घरची फोनची रीत मीही अशी उचलली.

हॉस्टेल म्हणजे चार कॉटची खोली. एक रूमपार्टनर नांदेड शहरातली, डॉक्टरांची मुलगी, तिला पहाटे पाचला मला जाग येते याचा फार त्रास. मला अलार्म लागत नाही, त्याला मी काय करू? पाचला उठून शेण काढायचं नसतं, भाकरी थापायची नसते, पाणी भरायचं नसतं. पहिले कित्येक दिवस मी नुसती कॉटवर बसून असायचे. मग अंधारात पुस्तक उघडायला लागले. बीएस्सीला मला जे काही मार्क पडले ते त्या शेणाच्या वेळेत पडलेत.

पाण्याचंही तसंच. नळाला पाणी आलं की हॉस्टेलवर आरडाओरडा होई. मी बादल्यांबरोबर रिकाम्या बाटल्यासुद्धा भरून ठेवायचे, आणि पोरी हसायच्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी शाळेत होते. सगळा देश लातूरचं नाव घेत होता आणि आमच्या गावात रेल्वे नव्हती, आड होता, आणि आडात उतरून वाटीनं पाणी भरणारी माणसं होती. बाटल्या भरून ठेवायच्या सवयीला हसणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण सवय सोडत नाही.

पैशाचं गणित मात्र वेगळंच व्हायचं. शेतकऱ्याच्या पोरांना रुपये कळत नाहीत, त्यांना क्विंटल कळतात. माझ्या कॉटचं भाडं महिना दोन हजार. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या आडतीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. त्या भावानं माझं भाडं वीस किलो. पण ऑगस्टमध्ये सोयाबीन असतं कुणाकडं? ज्यानं साठवून ठेवलं त्याच्याकडं, म्हणजे आमच्याकडं नाही. आमचं निघेपर्यंत भाव निम्म्यावर आला, आणि भाडं चाळीस किलो झालं. कॉट तीच, पंखा तोच, करकरणारा. चप्पल आठ किलो, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट सहा किलो. मैत्रिणी कॅफेत जाऊ म्हणायच्या तेव्हा मी मनात कॉफीचा कप वजनाला लावायचे, आणि जायचेही. नाही म्हणायला वेळ लागतो, आणि प्यायल्यावर दोन दिवस हिशोब डोक्यात राहतो. यात फार सोसलंय वगैरे काही नाही. ती आमची मोजपट्टी आहे, इतकंच.

त्या वर्षी सोयाबीन निघालं तेही अर्धंच. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब वादळाचा पाऊस आला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, आणि औरादकडं तेरणा-मांजरेच्या संगमावर रान कुठलं आणि नदी कुठली ते कळेना. आमची बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंज, घातलेली होती, वरून ताडपत्री, पण पाणी खालून आलं. पीकविम्याला तेव्हा बहात्तर तासांच्या आत कळवावं लागायचं. मी त्या वेळी घरीच होते. कॉलेजं बंद होती, ती २० ऑक्टोबरला उघडायची होती. गुडघाभर चिखलात उभी राहून ॲपवर फोटो चढवत होते. फोटो चढेना, रेंज जाईना-येईना. कोठ्यावर चढले, लिंबाच्या झाडाखाली गेले, शेवटी शेजारच्या दादांच्या मोटारसायकलवर फाट्यापर्यंत. घरातल्या शिकलेल्या पोरीचं पहिलं शेतीकाम ते. खुरपं नव्हतं, फोन होता.

आणि मी लातूरला येऊन डब्याची सवय लागते न लागते तोच दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. नोव्हेंबर ते एप्रिल, गाड्या जवळपास बंद. शासनात विलीनीकरण करा, ही मागणी. ज्या मामांनी आमचे डबे इंजिनाच्या झाकणावर सांभाळून आणले तेच आता स्टँडसमोर मंडपात बसलेले दिसायचे. त्यांचे पगार किती होते आणि किती उशिरा व्हायचे हे ऐकल्यावर त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. चिडायला मेस होती. मेसची भाजी रोज बदलायची, रस्सा तोच राहायचा. काही पोरांनी दुधाच्या गाडीतून डबे आणायची सोय लावली, ती आमच्या गावापर्यंत पोचली नाही. स्टँडबाहेर निलंगा राईसची प्लेट मिळायची, तिच्यावर कित्येक रात्री निघाल्या.

त्या सगळ्या काळात घरी सगळं बरं होतं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानातल्या सणाला, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून गावी गेले, आंबील-भज्जी खाऊन दुसऱ्या दिवशी परत. मग परीक्षा. एप्रिलच्या शेवटी गाड्या सुरू झाल्या आणि पहिला डबा आला. भाकरी, मुगाची उसळ, चटणी, कैरीची फोड. सगळं आईच्या हातचं. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दह्याची बरणी येत नाहीये. उन्हाळा आहे, आंबत असेल, म्हणून पाठवली नसेल. मग धपाटे आले, आणि त्यांच्याबरोबरही दही नाही. धपाट्याबरोबर दही नाही असं आमच्या घरी होत नाही. मी फोन केला. "म्हैस विकली का?" आई थोडी थांबली आणि म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

फेब्रुवारीतच विकली होती. भिजलेल्या सोयाबीनचे पैसे आले नव्हते, बियाण्याची उधारी होती, माझ्या सहा महिन्यांच्या भाड्याचाही त्यात वाटा होता. हा वाटा आईनं सांगितला नाही, मी काढला. म्हशीचं तोंड आठवून मी रडले वगैरे असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ती मारकी होती, मला दोनदा गोठ्यात दाबलं होतं तिनं. वाईट वाटलं ते हे की दोन-अडीच महिने मला कळलं नाही, आणि ते कळू न देणं घरच्यांना किती सोपं गेलं.

दुसऱ्या वर्षापासून हे हळूहळू बदललं. त्याला कारण गोगलगाय. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, धाराशिव, बीडकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली. पेरलेलं उगवून आलेलं, आणि सकाळी बघावं तर ओळीच्या ओळी गायब. आप्पांचा फोन आला तो "बरंय" न म्हणताच. "तू झाडपाल्याचं शिकतीस. हे कशानं मरतंय?" माझ्या अभ्यासक्रमात गोगलगाय नव्हती. झूलॉजीच्या मॅडमकडं गेले, परभणीच्या कृषी विद्यापीठाची माहिती काढली. दिवसा त्या बांधाच्या गवतात, दगडाखाली लपतात, संध्याकाळी ओलाव्यात बाहेर येतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री बांधावर टाकायची, त्याखाली त्या गोळा होतात. सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात. नाहीतर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकायच्या, पण त्या कुत्र्या-जनावरांना विषारी. आप्पांनी गोळ्या नको म्हटलं, आमचा मोती रानातलं काहीही खातो. आठ दिवस घरदार संध्याकाळी बादल्या घेऊन वेचत होतं. डब्यात आठ दिवस चटणी-भाकरी. तरी एक पट्टा दुबार पेरावा लागला. पण त्या आठ दिवसांत आप्पा रोज फोन करून आकडा सांगायचे, आज दोन बादल्या, आज दीड. इतकं खरं ते माझ्याशी फोनवर कधी बोलले नव्हते.

मग मीही विचारायला लागले. प्रॅक्टिकलला सरांनी शेंगवर्गीय मुळांवरच्या गाठी दाखवल्या. गाठ कापली आणि आतून गुलाबी निघाली तर ती जिवंत, नत्र धरते. हिरवट किंवा करडी निघाली तर काम संपलं. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा दूरचा भाऊबंद. वर्गात सगळ्यांनी आकृती काढली. मी आप्पांना फोन करून म्हटलं, एक झाड उपटा, गाठ नखानं फोडा, कोणता रंग आहे सांगा. म्हणाले, "लालसर हाय. का, रोग हाय का?" रोग नाही, चांगलं आहे म्हटल्यावर ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं उपटतोय. फोडून बघितली नव्हती." पुढच्या रविवारच्या डब्यात वरच्या खणात कागदात गुंडाळलेलं मुळासकट झाड आलं, मातीसह. माझ्या रूमपार्टनरनं ते उघडलं आणि किंचाळली. तिला वाटलं भाजी.

तीच नांदेडची मुलगी त्या डिसेंबरात येळवसेला माझ्या गावी आली. लातूरला त्या दिवशी सुट्टी असते, दुकानं बंद, शहरातला माणूस कुणाच्या ना कुणाच्या रानात. ज्याला स्वतःचं रान नाही त्याला बोलावणं असतं. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडव, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, आणि तूर, हरभरा, वाटाणा, भुईमूग, हाताला लागेल ते सगळं घातलेली भज्जी. ताक त्या वर्षी शेजारून आणलं होतं. ती तीन वेळा जेवली आणि बांधावर झोपली. जागी झाल्यावर विचारलं, "तू हे सोडून हॉस्टेलवर का राहतेस?" मी तिला खुरपं दिलं आणि हरभऱ्याची एक ओळ दाखवली. अर्ध्या ओळीत उत्तर मिळालं तिला.

मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. या योजनेवर मी बरीच टवाळी ऐकलीय, बायका उगाच फिरायला लागल्या म्हणून. फिरू देत की! माझी आई त्या अर्ध्या तिकिटावर पहिल्यांदा लातूरला एकटी आली. आधी यायची ती कुणाच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला, आणि सोबत आप्पा. त्या दिवशी डबा इंजिनाच्या झाकणावर आला नाही, तिच्या मांडीवर आला. हॉस्टेलचा जिना चढताना तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "हे पत्र्याचं हाय व्हय?" मी काही बोलले नाही. तिनं आजीला सांगितलंही नाही. मग तिनं माझी कॉट झटकली, पुस्तकांवरची धूळ पुसली, खिडकीतून ट्यूशन एरियाकडं जाणाऱ्या पोरापोरींची रांग बघितली. एवढ्या सगळ्यांच्या आया चारला उठतात का, असं विचारलं. मी म्हटलं, बऱ्याच जणींच्या. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. आपण एकट्याच आहोत असं तिला इतकी वर्षं वाटत होतं बहुतेक.

२०२४ ला मी पुण्यात एमएस्सीला आले. इथं डबा येत नाही. लातूरजवळच्या हरंगुळहून रेल्वे सुटते, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, कधीमधी कुणाबरोबर कडक भाकरी आणि येसर येतं, पण ते सामान झालं. रोजच्या डब्यासारखी त्यातून खबर निघत नाही. महिन्याची भाकरी एकसारखीच असते.

आता खबर येते ती ओटीपीतून. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या खात्यांना माझा नंबर जोडलेला आहे, कारण तेव्हा स्मार्टफोन माझ्याकडंच होता. पीएम किसान, सोसायटी, आजीचं निराधारचं मानधन, फार्मर आयडी. आप्पा सेवा केंद्रात उभे असतात, मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकलेली असते, आणि फोन वाजतो. "आला का?" "कशाचा?" "आलाय ती सांग की, मागं लाईन हाय." सहा आकडे सांगायचे. नंतर मेसेज वाचायचा तेव्हा कळतं की आपण कशाला मंजुरी दिली. कर्ज नूतनीकरण होतं. ठिबकचा अर्ज होता. एकदा सोनंतारणाचा होता. कुणाचं सोनं हे मेसेजमध्ये नसतं, पण आमच्या घरात ते एकीच्याच गळ्यात आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. मी बघितला नाही, कारण त्याच्या आधी आप्पांचा फोन आला होता. सोयाबीन उभं असताना शेंगेतून कोंब फुटले. खालच्या पट्ट्यातली माती वाहून गेली, दगड उघडे पडलेत. तूर पिवळी पडतीय, मुळं कुजली असतील ना? वैरण भिजली. त्यांनी एकेक सांगितलं, सलग, आवाज न बदलता, एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं. इतकी वर्षं मी याच्यासाठी धडपडले होते, की मला खरं सांगा. आता सांगत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की "सगळं बरंय" म्हणाले असते तर मी आजची प्रॅक्टिकल तरी नीट केली असती.

मग मी काय करायचं ते विचारलं. तलाठ्यांकडं नाव द्यायचं होतं, फोटो लागत होते, पट्ट्याचा गट नंबर मला पाठ होता. तुरीबद्दल मी म्हटलं, आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येईपर्यंत दुसरं काही करू नका, औषधाच्या दुकानात तर जाऊच नका. "दोन झाडं उपटा, मूळ चिरून फोटो टाका. आत काळं आहे का बघू." ते बरं म्हणाले. मागून आईचा आवाज आला, जेवली का विचारा. मी जेवले नव्हते. जेवले म्हटलं.